घोड्यांना पाणी पाजायची सोय करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नेरळला राहतो, माथेरानच्या पायथ्याशी. वडिलांची डोंगरावर घोडी होती आणि मी स्वतः पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून रिटायर झालो, त्यामुळे घोडा घरातूनही बघितलाय आणि सुई-सलाईन हातात घेऊनही. उन्हाळा आला की लग्नसराई आणि सुट्टीचा सीझन एकदमच सुरू होतो आणि मग कानावर यायला लागतं की अमक्याचा घोडा काल रात्री गेला, काही आजार नव्हता, दिवसभर धंदा केला, संध्याकाळी चंदी (दाण्याचा खुराक) खाल्ली आणि रात्री पोट धरून लोळायला लागला, पहाटेपर्यंत खलास. लोक हळहळतात, नजर लागली म्हणतात, नशीब म्हणतात. आपल्या पेपरातही मधेमधे दोन ओळींची बातमी येते. मला या पत्रात एवढंच सांगायचंय की यातले बरेच घोडे वाचले असते, आणि त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागत नाही, दिवसभर वेळेवर पाणी लागतं. ते पाणी द्यायची सोय आपण जिथे घोडा राबवतो तिथे बहुतेक ठिकाणी केलेलीच नाही.

कारण समजण्यासाठी घोड्याचं पोट आतून कसं आहे ते थोडं सांगतो, वाचक कंटाळणार नाहीत अशी आशा आहे. गाय, बैल, म्हैस यांचं आपल्याला माहीत असतं, खातात, बसून रवंथ करतात. घोडा रवंथ करत नाही. एवढा मोठा प्राणी पण त्याचं जठर अगदी लहान, पाचशे किलोच्या घोड्यातही आठ ते पंधरा लिटरचं, म्हणजे त्याने दिवसभर थोडं थोडं चरत राहावं अशीच त्याची रचना आहे. जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो, आणि ते आम्ल शांत करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून ज्याला सकाळपासून दुपारपर्यंत उपाशी उभं ठेवलंय त्याच्या जठराला आतून अल्सर होतात. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं परत वर येत नाही, गॅस झाला, पोट तुंबलं, तर माणसासारखं ओकून मोकळं होणं त्याच्या नशिबात नाही. जठर फुटून घोडा मरतो तो याच्यामुळे.

आता खरं काम पुढे चालतं. वीस-बावीस मीटरचं लहान आतडं संपलं की मग आंधळ्या आतड्याची (सीकमची) मोठी पिशवी, तीसेक लिटरची, आणि त्याच्या पुढे मोठं आतडं, तेही सत्तर-ऐंशी लिटर मावेल एवढं. गवतातला कडक भाग तिथे सूक्ष्मजंतू आंबवतात आणि त्यातून घोड्याला ताकद मिळते. हे सगळं आंबवणं पातळ पाण्यात चालतं. गवताच्या धाग्यांनी पाणी आणि क्षार धरून ठेवलेले असतात, आणि घोडा घामाघूम झाला की शरीर तिथलं पाणी खेचून घेतं. मोठं आतडं म्हणजे घोड्याने सोबत घेऊन चालवलेली पाण्याची टाकीच समजा. ही टाकी भरायची असेल तर दोनच वस्तू लागतात, भरपूर गवत आणि भरपूर पाणी, आणि दोन्ही एकत्र. नुसतं कोरडं गवत घातलं आणि पाणी कमी पडलं तर आतला माल सुकत जातो. मोठं आतडं एका ठिकाणी यू-टर्न घेऊन वळतं आणि नेमकं तिथेच ते अरुंद होतं, सुकलेला गोळा तिथे येऊन अडकतो. मागून गॅस भरत राहतो. यालाच आपण घोड्याने पोट धरलं म्हणतो.

पाणी किती लागतं तर ढोबळ हिशोब असा, काम नसेल आणि हवा थंड असेल तेव्हा दर शंभर किलो वजनाला पाच लिटर. आपल्याकडचं डोंगरावरचं घोडं साधारण तीनशे किलोचं धरा, म्हणजे बसून असताना पंधरा लिटर. उन्हात कामाला लावलं की हेच दुप्पट होतं, आणि चढ-उताराचं काम, दमट हवा असेल तर त्याच्याही वर जातं. आणि हिरवं गवत मिळत असेल तर गोष्ट वेगळी कारण हिरव्या गवतात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं, पण एप्रिल-मे मध्ये हिरवं कुठून येणार, आमच्याकडे तर डोंगरातलं वाळलेलं गवत नाहीतर भाताचा पेंढा, सगळा कोरडा ठणठणीत. म्हणजे ज्या महिन्यात घाम सगळ्यात जास्त त्याच महिन्यात चाऱ्यातलं पाणी सगळ्यात कमी. आणि अशा वेळी दिवसभरात त्याला बादलीभर पाणी दाखवतात, तेही संध्याकाळी घरी गेल्यावर.

पाणी का देत नाहीत याची कारणं ऐकली की वाईट वाटतं पण ती समजून घेतली पाहिजेत, कारण घोडेवाला काही जनावराचा दुश्मन नाही, त्याचं पोटच त्याच्यावर आहे. पहिलं कारण जुनी समजूत. घाम आलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर तो आखडतो, छातीत धरतं, पोट दुखतं, हे आमच्या वडिलांच्या पिढीत पक्कं होतं आणि आजही तरुण पोरं तेच सांगतात. हे बरोबर नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उकाड्यात घोडे कसे टिकवायचे यावर खूप काम झालं आणि त्यानंतर जगभर घामाघूम घोड्यावर थंड पाणी ओतायला लागले, शर्यत संपल्या संपल्या. प्यायचं पाणीही तेव्हाच द्यायचं असतं. उलट काम संपल्यावर लगेचच्या काही मिनिटांत घोडा स्वतःहून चांगला पितो, तो वेळ घालवला आणि त्याला तासभर ‘थंड’ व्हायला बांधून ठेवला की त्याची तहानच मरते. घोटभर पिऊ द्या, थोडं चालवा, परत पिऊ द्या, असं करायलाही हरकत नाही, पण अडवू नका.

तहान मरते हे मी उगाच म्हणत नाही. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो. आपल्याला घाम आला की पाणी जास्त जातं आणि मीठ कमी, त्यामुळे रक्त दाट होतं आणि मेंदू म्हणतो पाणी पी. घोड्याचं मीठ आणि पाणी दोन्ही बरोबरीने जातं, त्यामुळे रक्तातला खारटपणा फारसा वाढत नाही आणि मेंदूला कळतच नाही की अंगातलं पाणी कमी झालंय. म्हणून कधी कधी पार सुकलेला घोडा समोर बादली ठेवली तरी तोंड फिरवतो आणि मालक म्हणतो, बघा साहेब, त्याला तहानच नाही. त्याला तहान नाही असं नाही, त्याच्या अंगात मीठ नाही. रोज वीस-तीस ग्रॅम साधं मीठ बसून असलेल्या घोड्यालाही लागतं, राबणाऱ्याला त्याच्या दुप्पट, ते चंदीत कालवून द्यायचं आणि सोबत पाणी मोकळं ठेवायचं, पाण्याशिवाय नुसतं मीठ देऊ नये. गाईगुरांसाठी मिठाची वीट मिळते ती गोठ्यात टांगतात, पण घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, गुळगुळीत असते, विटेवरून त्याला पुरेसं चाटता येत नाही, म्हणून सुटं मीठच बरं. किलोभर मिठाला किती पैसे पडतात हे मी सांगायला नको.

दुसरं कारण ऐकून मी गप्प झालो होतो. लग्नात घोडी घेऊन जाणाऱ्या एकाने सांगितलं की वरातीच्या दिवशी दुपारपासून पाणी आणि गवत बंद ठेवतो, कारण मांडवासमोर नवरदेव वर बसलेला असताना जनावराने लघवी किंवा लीद केली की पाहुणे चिडतात, पैसे कापतात. म्हणजे बघा, चाळीसच्या वर पारा, अंगावर जरीची झूल, तोंडात लगामाची लोखंडी कडियाळी, समोर डीजे आणि फटाके, एका वरातीवरून दुसऱ्या वरातीला, आणि पोटात दुपारपासून पाण्याचा थेंब नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांना हात जोडून विनंती आहे, घोडीवाल्याला पैसे देताना सांगा की घोडीने लीद केली तरी आमचं काही म्हणणं नाही, आणि हॉलवर पाहुण्यांसाठी शंभर जार मागवता त्यातला एक तिच्यासाठी बाजूला काढा, बादली तो आणेल. पाणी पिताना तोंडातली कडियाळी काढून द्यायला लावा, काही जनावरं ती असताना नीट पीत नाहीत.

डोंगरावरचं कारण वेगळंच आहे. माथेरानला गाडी-मोटार चालत नाही, दस्तुरी नाक्यापासून पुढे चालत, घोड्यावर, नाहीतर आता ई-रिक्षाने. परवान्याचे घोडे चारशेच्या वर आहेत. ते नाक्यावर सकाळपासून नंबरात उभे असतात आणि नंबर सोडून पाणी पाजायला लांब जायचं म्हणजे गिऱ्हाईक जातं, पाण्यापायी धंदा कोण सोडेल. पाणी हवं तिथे नाही, हा सगळा प्रश्न आहे. डोंगरावर उन्हाळ्यात माणसांच्याच पाण्याची ओढाताण असते हे मलाही माहीत आहे, आणि ई-रिक्षा आल्यापासून घोडेवाल्यांची कमाई घसरली, मग खर्च कुठे कापायचा तर जनावराच्या खाण्यात, हेही दिसतंय. म्हणूनच ही सोय एकट्या घोडेवाल्यावर टाकून चालणार नाही. टुरिस्टकडून प्रवेशाचे पैसे घेतले जातात, त्या टुरिस्टला पाठीवर नेणाऱ्याला पाणी त्यातून मिळालं पाहिजे. मी रिटायर झाल्यावर यासाठी संबंधितांना लेखी अर्ज दिले, पोच मिळाली, पुढे काही झालं नाही.

कायद्याचं बोलायचं तर तो आहेच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा, त्याच्या कलम 11 प्रमाणे मालकाने जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे. आणि 1965 चे ओझ्याच्या जनावरांचे नियम आहेत त्यात तर आकडे दिलेत, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही, आणि तट्टाच्या पाठीवर माल लादायचा तर 70 किलोच्या वर नाही. हे नियम साठ वर्षांचे झाले, पण तट्टावर सिमेंटची पोती लादणाऱ्या किती जणांनी ते वाचलेत? दंड करा असं माझं म्हणणं नाही, आधी पाणी ठेवा आणि मग नियम दाखवा, पाण्याची सोय न करता दंड केला तर तो गरीब माणूस घोडाच विकून टाकेल आणि घोडा कुठे जाईल ते आपल्याला माहीत आहे.

पूर्वी हे लोकांना सुचत होतं. मुंबईत जुन्या प्याऊ, म्हणजे पाणपोया, अजून उभ्या आहेत, मशीद बंदर भागातली केशवजी नायकांची तर 1876 ची आहे. त्या काळच्या कितीतरी प्याऊंना माणसांसाठी वर नळ आणि जनावरांसाठी खाली दगडी कुंडी असायची, कारण ट्राम घोड्याची, टांगा घोड्याचा, मालाची गाडी बैलाची, त्यांना तहान लागणार हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच होतं. गावोगावी विहिरीजवळ हाळ, म्हणजे जनावरांना पाणी प्यायची बांधीव टाकी, होती. हाळी बुजवल्या, कुंड्या फुटल्या, नळ बंद पडले, जनावर मात्र अजून रस्त्यावर आहे. आषाढी वारीत माउलींचे अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून पायी आळंदीला येतात, रिंगण झालं की त्यांच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला आपली माणसं धावतात. एवढी श्रद्धा असलेल्या लोकांना एका हाळीचा खर्च जड नाही.

आता हाळ म्हटली की एक शंका रास्त आहे आणि ती मीच आधी मांडतो. एकाच टाकीत पन्नास घोड्यांनी तोंड घातलं तर रोग पसरतात. ग्लँडर्स नावाचा रोग आहे, घोड्याकडून माणसालाही होतो, त्यावर घोड्याला इलाज करत नाहीत, नष्ट करावं लागतं, आणि तो नाकातल्या स्रावातून, सामायिक पाण्यातून, तोंडाला बांधायच्या दाण्याच्या तोबऱ्यातून पसरतो. म्हणून मी मोठ्या सामायिक टाकीपेक्षा नळ मागतोय. घोडे उभे राहतात तिथे ओळीत तीन-चार नळ, वर सावली, खाली पाणी वाहून जायला गटार, आणि प्रत्येक घोडेवाल्याची स्वतःची बादली. बादली दुसऱ्याला द्यायची नाही, एवढी शिस्त आमची पोरं पाळतील, रोगाची भीती त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. जिथे हाळच आहे तिथे ती रोज उपसून घासली पाहिजे. शेवाळलेलं, उन्हात तापलेलं पाणी घोडा पीत नाही, वासाच्या बाबतीत तो फार चोखंदळ असतो.

सगळं उन्हाळ्याचंच आहे असं समजू नका. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, पंजाब कुठून कुठून घोडे ट्रकने येतात. डिसेंबरची थंडी. थंडीत गार पाणी घोडा कमीच पितो, वर ट्रकमध्ये उभ्याने लांबचा प्रवास, उतरल्यावर अनोळखी पाणी, अनोळखी चारा, आणि विकायला उभं करायचं म्हणून घोडा गोल गरगरीत दिसावा यासाठी अचानक दाणा वाढवलेला. पोटशूळ व्हायला याच्यापेक्षा वेगळं काही लागत नाही. तिथे जाणाऱ्यांनी एक जुनी युक्ती करावी, निघायच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यायचा आणि बाजारातल्या पाण्यातही तेवढाच गूळ टाकायचा, मग पाण्याची चव बदललेली त्याला कळत नाही आणि तो पितो. सोबत साध्या पाण्याची बादलीही असू द्यावी. थंडीत पाणी कोमट करून दिलं तर तो जास्त पितो, हे घरी करून बघण्यासारखं आहे.

खाण्याचं आता. आपल्याकडे घोड्यावर प्रेम म्हणजे चंदी. हरभरा, बाजरी, गव्हाचा कोंडा, जास्तीत जास्त द्यायचं, आणि गवत मिळालं तर मिळालं. हे उलटं आहे. घोड्याच्या पोटाला रोज त्याच्या वजनाच्या दीड-दोन टक्के कोरडा चारा लागतो, तीनशे किलोच्या घोड्याला पाच-सहा किलो, आणि तो दिवसभरात विभागून. दाणा एका वेळेला किलो-दीड किलोच्या वर नको, जास्त झाला की लहान आतड्यात पचत नाही, तसाच मागे जातो, तिथे आंबतो, चांगले जंतू मरतात, गॅस होतो, आणि वाचला तरी चार दिवसांनी खूर तापून घोडा लंगडतो. कोंडा स्वस्त म्हणून पोत्याने घालतात, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या जबड्याची हाडं फुगतात, तोंड मोठं दिसायला लागतं. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. कोरडा पेंढा असेल तर पाण्यात भिजवून, निथळून द्या, तेवढंच पाणी पोटात जातं, धूळही बसते, फक्त भिजवलेला उरला तर उन्हाळ्यात तो लगेच आंबतो, टाकून द्यावा. बुरशीचा वास येणारं गवत गाईला चालून जात असेल, घोड्याला अजिबात नाही. आणि कोंबडीखाद्य स्वस्त मिळतं म्हणून घोड्याला कधी घालू नका, त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं, ते कोंबडीला चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं.

कामावर निघायच्या आधी उपाशी न ठेवता मूठ-दोन मूठ गवत चघळायला द्यावं, मोकळ्या पोटी पळवला की आम्ल वर उसळतं. उभं राहायच्या जागी जाळीत गवत लटकवलं तर उत्तम, जमिनीवर टाकलं की आमच्या लाल मातीसकट आत जातं आणि आतड्यात माती साठते. ओळखायचं कसं तर लिदीचे चार-पाच गोळे बादलीभर पाण्यात विरघळवा, थोड्या वेळाने तळाशी बोटं फिरवा, रेती लागली तर समजा. दात वर्षातून एकदा दाखवावेत. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, झिजताना कडेला धारा पडतात, गाल कापले जातात, मग तो नीट चावत नाही, गवताचा अर्धवट गोळा गिळतो किंवा तोंडातून खाली टाकतो. ते कानसून घ्यावे लागतात, हे आपल्याकडे फार कमी लोक करतात.

टुरिस्ट मंडळींनाही सांगतो, रागावू नका. वडापाव, पाव, चिप्स, बिस्किटं, उरलेलं मक्याचं कणीस प्लास्टिकच्या पिशवीसकट, हे प्रेमाने भरवलेलं सगळं त्या पोटात आंबतं किंवा अडकतं. काही द्यायचंच असेल तर घोडेवाल्याला विचारून गाजराची लांब चीर द्या, गोल चकत्या नको, त्या घशात अडकतात. आणि बसायच्या आधी एक प्रश्न विचारा, दादा, याला पाणी कधी पाजलं? गिऱ्हाईक विचारायला लागलं की पंधरा दिवसांत नाक्यावर बादल्या दिसतील, अर्जांनी जे झालं नाही ते याने होईल.

घोडा सुकलाय हे कुणालाही बघता येतं. मानेची किंवा खांद्याची कातडी चिमटीत ओढून सोडा, लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांपेक्षा जास्त उभी राहिली तर पाणी कमी आहे, म्हाताऱ्या घोड्याची कातडी मुळातच सैल असते हे लक्षात ठेवा. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा, पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे, हिरडी ओली हवी, चिकट कोरडी नको. आणि लीद बघा, सगळ्यात खरं तीच सांगते. निरोगी घोडा दिवसात आठ-दहा वेळा लीद टाकतो, गोळे ओलसर आणि पडल्यावर फुटणारे, लहान, कडक, वर चकचकीत बुळबुळीत थर असलेले गोळे आले की त्याच दिवशी पाणी आणि मीठ वाढवायचं, वाट बघायची नाही. दमट हवेत काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं, बाकीचे भिजलेत आणि हा कोरडा, पण धाप लागलीय, तर तो खूश नाही, धोक्यात आहे, त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहा.

आणि पोट धरलंच तर. पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, वरचा ओठ वाकवतो, सारखा बसतो-उठतो, लोळतो, चंदी नाकारतो. अशा वेळी आधी चारा-दाणा सगळं काढून घ्या आणि डॉक्टरला फोन करा. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजा, उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते, 60 च्या वर गेली तर मामला गंभीर आहे आणि हा आकडा फोनवर डॉक्टरला सांगा, त्याला लगेच अंदाज येतो. हळू चालवलं तर चालेल पण रात्रभर पळवत बसू नका, दमून जातो. आणि कृपा करून बाटलीने किंवा नळीने घशात तेल, सोडा, हिंगाचं पाणी, दारू ओतू नका. मान वर धरून ओतलेलं निम्मं फुप्फुसात जातं, पोटशूळातून वाचलेला घोडा चार दिवसांनी न्यूमोनियाने गेलेला मी नोकरीत बघितलाय, आणि एकदाच नाही. तेल द्यायचं असेल तर डॉक्टर नाकातून थेट जठरात नळी घालून देतो, त्याच नळीतून तुंबलेला गॅस आणि पाणीही बाहेर काढतो, ज्याला ओकता येत नाही त्याच्यासाठी ही नळी म्हणजे जीव आहे. मेडिकलमधून आणून स्वतःच दुखण्याचं इंजेक्शन टोचणारेही आहेत, त्याने घोडा तासभर शांत होतो, मालक झोपायला जातो, आणि आतला पीळ वाढत राहतो.

इथे सगळ्यात मोठी अडचण येते. रात्री दहा वाजता डोंगरावर किंवा गावात घोड्याला नळी घालता येणारा डॉक्टर मिळत नाही. गाईम्हशीचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण घोड्यावर हात बसलेला माणूस जिल्ह्यात एखाददुसरा. जिथे शेकडो घोडे रोज कामाला आहेत तिथे निदान सीझनच्या दोन-तीन महिन्यांत आणि मोठ्या यात्रांच्या दिवसांत असा एक डॉक्टर, नळी, पंप आणि सलाईनचा पुरेसा साठा मुक्कामाला असायला हवा. घोड्याला सलाईन लागतं ते माणसासारखं एक बाटली नाही, वीस-तीस लिटर लागू शकतं, आणि ते साठ्यात असायला आधी कुणीतरी मागणी टाकावी लागते.

तर माझी मागणी थोडक्यातच आहे. माथेरानला दस्तुरी नाका आणि बाजारपेठ, महाबळेश्वरला वेण्णा तलावाची घोड्यांची जागा, आणि जिथे जिथे परवाना देऊन घोडे उभे केले जातात तिथे परवाना देणाऱ्यानेच नळ, सावली आणि गटार करून द्यावं, आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी दात आणि जंत तपासणी फुकट ठेवावी. घोडेवाल्यांच्या संघटनांनी मिठाचं पोतं सामायिक घेऊन नाक्यावर ठेवावं, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या पेपरने निदान नाडीचा आकडा आणि बाटलीने औषध न पाजण्याची सूचना चौकट करून छापली तर फार उपकार होतील, ती कापून तबेल्यात चिकटवणारे लोक आमच्या भागात भरपूर आहेत, आणि छापायची तर ती मार्चमध्येच छापा, मे संपल्यावर नको.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
नेरळ, ता. कर्जत, जि. रायगड